जमिनीखालचा शेजार आणि कार्ल टर्झागी

स्मरणिका समितीने ठरवलं की यंदा जाहिराती कमी आणि वाचण्यासारखं जास्त असावं, आणि ज्येष्ठ सभासदांनी एकेका थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी. महाराज, सावित्रीबाई, विश्वेश्वरय्या ही नावं पहिल्याच बैठकीत वाटली गेली. मी सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य काढलेला माणूस. मी कार्ल टर्झागी हे नाव सुचवलं तेव्हा दोघातिघांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावरून कळलं की कोणी ऐकलेलं नाही. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या प्रत्येकाला मात्र हे नाव पाठ असतं. इमारतीचा पाया किती वजन पेलेल याचं जे सूत्र आम्ही परीक्षेला घोकलं ते यांचंच. आणि आपल्या सोसायटीशी त्यांचा संबंध काय म्हणाल, तर पंचवीस वर्षांत आपण पेव्हर ब्लॉकवर जो खर्च केला, त्याचं कारण या गृहस्थांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

जन्म प्रागचा, २ ऑक्टोबर १८८३. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. वडील सैन्यात अधिकारी, त्यामुळे घरची अपेक्षा ठरलेली. दहाव्या वर्षापासून मुलाला लष्करी शाळेत घातलं. तिथे त्याला गोडी लागली ती खगोलशास्त्राची आणि भूगोलाची. वडील लवकर गेले. पुढे ग्राझ इथे तो यंत्र अभियांत्रिकी शिकला आणि १९०४ मध्ये पदवीधर झाला. विद्यार्थी म्हणून तो फारसा शिस्तीचा नव्हता, कॉलेजातून काढून टाकण्यापर्यंत वेळ आली होती आणि एका प्राध्यापकांनी मध्ये पडून वाचवलं. यंत्रांमध्ये मन रमलं नाही, डोंगर चढणं आणि दगड पाहणं यात रमलं. सक्तीच्या लष्करी सेवेच्या वर्षात त्यांनी भूगर्भशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं. लष्करी सेवेचा इतका चांगला उपयोग फार थोड्यांनी केला असेल.

मग नोकरी. व्हिएन्नाची एक बांधकाम कंपनी, क्रोएशियातले जलविद्युत प्रकल्प, सेंट पीटर्सबर्गमधल्या इमारती. सगळीकडे एकच गोष्ट त्यांच्या लक्षात येऊ लागली. जमिनीच्या वर अभियंते काटेकोर. तुळई किती वाकेल, खांब किती वजन घेईल, सगळं दशांश चिन्हापर्यंत. पण जमिनीच्या खाली गेलं की सगळा अंदाजाचा कारभार. इमारत खचली तर नशीब, बंधारा फुटला तर देवाची करणी. १९१२ मध्ये ते पदरच्या खर्चाने अमेरिकेला गेले. तिथे मोठमोठी धरणं बांधली जात होती. जागोजागचे दगड-माती पाहायचे, बांधकामाचं काय झालं त्याची नोंद करायची, आणि त्यातून काही नियम निघतो का ते शोधायचं, असा बेत. सुमारे दोन वर्षं वणवण केली आणि हाती काही लागलं नाही. निराश होऊन परतले. अडचण अशी होती की भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला एकाच नावाने चिकणमाती म्हणत, ती एका ठिकाणी दगडासारखी वागे आणि दुसऱ्या ठिकाणी श्रीखंडासारखी. नावावरून काहीच कळत नव्हतं. मोजायला हवं होतं. पण काय मोजायचं, तेच ठाऊक नव्हतं.

पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावं लागलं. १९१६ मध्ये त्यांचे जुने गुरू फोर्शहायमर यांच्यामुळे इस्तंबूलच्या अभियांत्रिकी विद्यालयात शिकवायची संधी मिळाली. १९१८ मध्ये युद्ध हरलं आणि ती नोकरीही गेली. परक्या देशात, हरलेल्या बाजूचा, बेकार प्राध्यापक. बॉस्फरसच्या काठी रॉबर्ट कॉलेज नावाची अमेरिकन संस्था होती, तिने त्यांना जागा दिली. प्रयोगशाळा नव्हती, उपकरणं नव्हती, पैसेही नव्हते. कॉलेजच्या भंगारात जे सापडेल ते, सिगारची रिकामी खोकी, स्वयंपाकघरातली भांडी, यांतून त्यांनी आपली उपकरणं उभी केली. आज जगातल्या प्रत्येक माती-परीक्षण प्रयोगशाळेत जे यंत्र असतं, ज्यात धातूच्या कड्यात मातीची चकती बसवून तिच्यावर वजन ठेवतात आणि ती किती दबली ते मोजतात, त्याची सुरुवात या भंगारातून झाली.

त्यांना काय सापडलं ते स्वयंपाकघरातल्याच उदाहरणाने सांगतो. चक्का करायला आपण दही फडक्यात बांधतो आणि वर वजन ठेवतो. वजन ठेवलं त्या क्षणी दही दबत नाही, कारण आतलं पाणी ते वजन स्वतःवर घेतं. मग पाणी हळूहळू पाझरून बाहेर पडतं, आणि जसजसं पडतं तसतसं वजन दह्याच्या घट्ट भागावर येतं आणि गोळा आवळत जातो. भिजलेल्या चिकणमातीचं तंतोतंत हेच. तिच्या कणांमधल्या फटींत पाणी असतं. वर इमारत उभी राहिली, भरणी टाकली, की आधी पाणी भार घेतं. ते निसटत जाईल तसा भार मातीच्या कणांवर सरकतो, कण जवळ येतात, जमीन खचते. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करा. जो उरतो तोच मातीला कळतो. तिचं बळ आणि तिचं खचणं, दोन्ही त्या उरलेल्या दाबावर ठरतं. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट कळेपर्यंत माणसाने हजारो वर्षं घरं बांधली होती.

दुसरी गोष्ट वेळेची. चिकणमातीतून पाणी इतकं सावकाश निघतं की खचणं वर्षानुवर्षं चालतं. टर्झागींनी १९२३ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्यातून निघालं की थर दुप्पट जाडीचा असेल तर वेळ दुप्पट नाही, चौपट लागतो.

आता आपल्याकडे या. आपली जागा म्हणजे पूर्वीचं खाजण. जुन्या सभासदांना आठवत असेल, प्लॉट पाहायला आलो तेव्हा पलीकडे भरतीचं पाणी दिसायचं. बिल्डरने त्यावर साधारण दोन मीटर मुरूम टाकला आणि इमारतींचे पाइल खालच्या खडकापर्यंत नेले. म्हणजे ए आणि बी विंग खडकावर उभ्या आहेत आणि बाकीचं सगळं, आवार, रॅम्प, कंपाऊंडची भिंत, वॉचमनची केबिन, हे चक्क्यावर उभं आहे. दोन मीटर मुरूम म्हणजे दर चौरस मीटरला साडेतीन टनांच्या आसपास वजन. एखाद्या बैठ्या घरापेक्षा ते जास्त भरतं. खालची खाडीची माती ते पाणी अजून सोडते आहे. म्हणून जिन्याची पहिली पायरी दर काही वर्षांनी उंच होते असं वाटतं, म्हणून रॅम्प तीनदा केला, म्हणून ड्रेनेजचा पाइप इमारतीतून बाहेर पडतो तिथेच तुटतो. पायरी वर आली नाही, आवार खाली गेलं. दरवेळी सर्वसाधारण सभेत कंत्राटदाराला शिव्या पडल्या. त्याने कामात हयगय केली असेलही, पण सोन्याच्या विटा बसवल्या असत्या तरी त्या खचल्याच असत्या.

१९२५ मध्ये टर्झागींचं मृदा यांत्रिकीवरचं जर्मन पुस्तक व्हिएन्नात प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीने त्यांना बोलावून घेतलं. तिथे आर्थर कासाग्रांद हा तरुण त्यांचा सहायक झाला. पुढे कासाग्रांद स्वतः या शास्त्राचे मोठे आचार्य झाले. १९२८ मध्ये त्यांनी रूथ डॉगेट या भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या तरुणीशी लग्न केलं. हे त्यांचं दुसरं लग्न. त्यानंतर वर्षभरात ते व्हिएन्नाला प्राध्यापक म्हणून परतले.

व्हिएन्नातल्या वर्षांबद्दल लिहिताना हात जड होतो. पाउल फिलुंगर हे त्याच संस्थेतले प्राध्यापक. पाण्याने भरलेल्या सच्छिद्र पदार्थांवर त्यांनीही आधीपासून विचार केला होता, आणि टर्झागींचं गणित त्यांना कच्चं वाटत होतं. मतभेद विद्वत्तेपुरता राहिला नाही. १९३६ च्या अखेरीस फिलुंगर यांनी एक पुस्तिका छापून टर्झागींच्या शास्त्रावर आणि व्यक्तिगत सचोटीवरही हल्ला चढवला. चौकशी समिती नेमली गेली. तिचा कौल आपल्या विरुद्ध जातो आहे हे दिसल्यावर मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नी या दोघांनी जीवन संपवलं. फिलुंगर यांच्या मांडणीत तथ्य होतं आणि पुढच्या काळात काही अभ्यासकांनी त्यांना त्याचं श्रेय दिलं. टर्झागी स्वभावाने मृदू नव्हते, वाद सोडून देणाऱ्यातले तर मुळीच नव्हते. एवढं मोठं शास्त्र उभं करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हेही आहे, आणि ते गाळून चरित्र लिहिणं मला बरं वाटत नाही.

दरम्यान १९३६ मध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हार्वर्डला भरली होती आणि टर्झागी तिथे स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले होते. १९५७ पर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिलं. भारतात या शास्त्राची संघटना १९४८ मध्ये उभी राहिली. १९३८ मध्ये ते कायमचे अमेरिकेत आले, हार्वर्डला.

आणि इथे शेजाऱ्यांची गोष्ट सुरू होते. त्या वर्षाच्या शेवटी त्यांनी शिकागोत एक व्याख्यान दिलं. विषय असा की मऊ चिकणमातीवर वसलेल्या शहराच्या पोटातून भुयारी रेल्वे नेण्यात धोका काय आहे. शिकागो तेव्हा नेमकं तेच करायला निघालं होतं. स्टेट स्ट्रीट ही तिथली मोठ्या दुकानांची पेठ. रस्त्याखालून बोगदा जाणार, आणि दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींचे पाये त्याच मऊ मातीत. व्याख्यान ऐकून स्टेट स्ट्रीटवरच्या मालमत्ताधारकांच्या संघटनेने टर्झागींना आपला सल्लागार होण्याची विनंती केली. त्याच सुमारास शहराच्या भुयारी रेल्वे खात्यानेही केली. खणणारा आणि खड्ड्याशेजारचा, दोघेही एकाच माणसाच्या दारात. त्यांनी खात्याचं काम घेतलं, पण अटी घातल्या. जागेवर मातीची प्रयोगशाळा हवी, आणि ती चालवायला आपल्या पसंतीचा माणूस हवा. तो माणूस म्हणजे राल्फ पेक. पुलांचं शिक्षण घेतलेला हा तरुण हार्वर्डला मातीचं शास्त्र शिकत होता.

पेक यांनी तिथे जे केलं ते वाचायला कंटाळवाणं आणि करायला त्याहून कंटाळवाणं आहे. रस्त्यावर आणि इमारतींवर खुणा करायच्या, त्यांची पातळी पुन्हापुन्हा मोजायची. बोगद्याच्या तोंडाशी मऊ माती किती आत ढकलली जाते ते मोजायचं. वर रस्ता किती दबला त्याचा हिशेब खालच्या आकड्याशी लावायचा. हिशेब जुळला. म्हणजे रस्ता खचला तो दैवाने नाही, खाली बोगद्यात जेवढी माती पिळून आत आली तेवढाच. मग खोदण्याची पद्धत कुठे बदलायची ते कळलं, आणि बदलली की आकडे कमी होतात हेही दिसलं. शेजाऱ्याच्या इमारतीला धक्का बसला की नाही हा वाद तोंडातोंडी न राहता वहीत आला. १९४३ मध्ये स्टेट स्ट्रीटखालून गाड्या धावू लागल्या. टर्झागी आणि पेक या गुरु-शिष्यांनी १९४८ मध्ये जे पुस्तक लिहिलं, ते आमच्या पिढीने झेरॉक्स काढकाढून वापरलं.

आता पाये एकमेकांना जमिनीखालून कसे कळतात ते थोडं सांगायलाच हवं, नाहीतर लेख लिहिण्याचा उपयोग नाही. पायाचं वजन सरळ रेषेत खाली जात नाही, जाताना पसरतं. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद पाया घेतला, तर दहा मीटर खोलीवर ढोबळमानाने तो भार वीस बाय वीस जागेत पसरतो, म्हणजे दाब पावपट होतो. पण वीस बाय वीस म्हणजे चारही बाजूंनी पाच-पाच मीटर बाहेर. कंपाऊंडची भिंत जमिनीत असते पाच फूट. त्या पसरलेल्या दाबाला ती आडवी येत नाही. दोन इमारती जवळ आल्या की त्यांचे पसरलेले दाब खाली एकमेकांत मिसळतात, आणि मधल्या पट्ट्यातल्या मातीला दोघींचा भार सोसावा लागतो. जुनी इमारत आपल्यापुरती खचून स्थिरावलेली असते. नवी शेजारी आली की जुनीच्या जवळच्या कडेखालची माती पुन्हा दबते, आणि जुनी नव्या शेजारणीकडे कलते. नवी मात्र अनेकदा उलट बाजूला कलते, कारण जुनीच्या बाजूची माती आधीच दबून घट्ट झालेली असते. पश्चिमेच्या बैठ्या चाळीची शेवटची भिंत आपल्या आवाराकडे झुकलेली आहे ती कशाने, हे यावरून ओळखता येईल. आपल्या भरणीचं वजन कंपाऊंडपाशी थांबलं नव्हतं. चाळवाले इतकी वर्षं सांगत होते, आणि आपल्या सभेत दरवेळी त्यांचं बांधकामच जुनं असं ठरत होतं.

पाण्याचं प्रकरण याहून दूर पोचतं. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या गाळावर वसली आहे. तिथे विहिरींतून पाणी उपसत राहिले आणि शहराचे काही भाग गेल्या शतकात सात मीटरांहून जास्त खाली गेले. उपसा हेच त्याचं कारण आहे हे हार्वर्डला शिकलेल्या नाबोर कारियो यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं. कारण तेच, चक्क्याचं. भूजल एक मीटर खाली गेलं की मातीच्या कणांवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार वाढतो. वर कोणी वीटसुद्धा ठेवलेली नसते.

पूर्वेच्या प्लॉटवर आता पुनर्विकास होतो आहे आणि त्यात दोन मजली तळघर आहे. कोरडा खड्डा राखायचा तर पाणी उपसावं लागणार. समजा आपल्या बाजूचं पाणी चार मीटर उतरलं, तर ते आपल्या आवारावर आणखी दोन मीटरहून जास्त मुरूम टाकल्यासारखं आहे. आपल्या विंग खडकावर आहेत म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी एक सांगतो. खचणारी माती पाइलला धरून खाली ओढते. जी माती पाइलला आधार देते असं आपण समजतो, तीच त्याच्या गळ्यात पडते. पाइल चांगले असतील तर सोसतील, पण किती ओझं वाढेल याचा हिशेब कुणीतरी करायला हवा. आणि चाळीला तर पाइलही नाहीत.

त्या प्लॉटच्या विकासकाने आपल्याकडे ना-हरकत मागितली आहे. त्यात खड्ड्याच्या भिंती धरून ठेवण्यासाठी आपल्या जमिनीखालून पोलादी अँकर घालण्याची परवानगीही आहे, हे चौथ्या पानावर बारीक अक्षरात आहे. काही सभासदांचं म्हणणं, देऊन टाका, मोबदला मिळतो आहे आणि उद्या आपल्यालाही पुनर्विकास करायचा आहे. काहींचं म्हणणं, कोर्टात जा. मला दोन्ही घाईचं वाटतं. शिकागोत टर्झागींनी काम बंद करा म्हटलं नाही आणि बिनघोर करा असंही म्हटलं नाही. आपण मागायच्या गोष्टी साध्या आहेत. खोदकामाआधी दोन्ही विंग आणि चाळ यांतल्या प्रत्येक भेगेचा तारखेसह फोटो, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. खांबांवर पातळीच्या खुणा आणि त्यांचं ठरलेल्या दिवशी मोजमाप. आपल्या आवारात पाण्याची पातळी दाखवणारा नळ. पाणी आमच्या बाजूला उतरणार नाही अशी खड्ड्याची भिंत. आणि आकडा किती झाला की काम थांबेल, ते करारात आधी लिहिलेलं. अँकरचं उत्तर हे सगळं मान्य झाल्यावर.

टर्झागी शेवटपर्यंत साइटवर जात राहिले. नाइल नदीवरच्या आस्वान धरणाच्या सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. धरणाची सूत्रं सोव्हिएत अभियंत्यांकडे गेल्यावर त्यांच्याशी पटेना, म्हणून १९५९ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचं नॉर्मन पदक त्यांना चार वेळा मिळालं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधलं मिशन धरण हे त्यांच्या उत्तरायुष्यातलं अवघड काम. पायाखाली दबणाऱ्या चिकणमातीचा थर, धरण खचणार हे आधीच उघड, आणि खचत असतानाही ते फुटू नये अशी रचना करायची. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या विंचेस्टर इथे ते वारले. १९६५ मध्ये त्या धरणाला त्यांचं नाव दिलं गेलं.

ना-हरकतीचा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आहे. त्या मसुद्याची प्रत आणि आपल्या प्लॉटचा पंचवीस वर्षांपूर्वीचा बोअरहोल अहवाल सोसायटीच्या कार्यालयात डाव्या कपाटात ठेवला आहे. संध्याकाळी सहा ते आठ पाहता येईल. चाळीतल्या मंडळींनाही तसं कळवलं आहे. अहवाल चार पानांचा आहे, खाडीच्या मातीची जाडी तिसऱ्या पानावर दिली आहे.